संग्रहालयाच्या तिजोरीतला मोकळा पैसा किती?

एका ना-नफा संग्रहालयाचा ताळेबंद समोर घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत. सगळी देणी वजा केली तर संस्थेची ६० कोटींची मालमत्ता दिसते. नव्याने आलेला विश्वस्त हा आकडा पाहतो आणि विचारतो, "मग दालनाचं छत गळतंय, ते दुरुस्त का करत नाही?" प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी त्या ६० कोटींची फोड करावी लागते. यातले ३६ कोटी कायमनिधीचे, म्हणजे कॉर्पसचे. देणगीदाराने ते 'मुद्दल कधीही मोडायचं नाही' या अटीवर दिले आहेत. ६ कोटी ठरावीक कामांसाठी आले आहेत: शाळांचे कार्यक्रम, एका हस्तलिखित-संग्रहाची सूची, पुढच्या वर्षीचं प्रदर्शन. १६ कोटी इमारत, यंत्रं आणि सामानात अडकले आहेत, आणि भिंतीच्या विटा काढून वीजबिल भरता येत नाही. उरले २ कोटी. संस्थेचा महिन्याचा खर्च ८० लाख असेल, तर उद्या तिकिटं आणि देणग्या थांबल्यावर ही '६० कोटींची' संस्था अडीच महिने तग धरेल.

हे गणित ज्या माणसाच्या डोक्यात सतत चालू असायला हवं, त्याला वित्त आणि कामकाज प्रमुख म्हणतात. मोठ्या संग्रहालयांत ही दोन पदं असतात, वित्ताचा सीएफओ आणि कामकाजाचा सीओओ. मध्यम आकाराच्या संस्थेत बहुधा एकच खुर्ची असते. संचालक संस्थेची दिशा ठरवतात, अभिरक्षक संग्रहाचे जाणकार असतात. हिशेब, अंदाजपत्रक, लेखापरीक्षण, विमा, इमारत, सुरक्षा, तिकीटखिडकी, दुकान, संगणकप्रणाली आणि बहुतेक ठिकाणी मनुष्यबळही या खुर्चीकडे येतं. एकाच माणसाकडे इतकं काम देणं ही नुसती काटकसर समजू नये. संग्रहालयात वातानुकूलन यंत्र आणि खातेवही यांचे प्रश्न शेवटी एकच असतात. त्यामुळे दोन्ही पाहणारी नजर एक असली तर फायदाच होतो, अट एवढीच की त्या माणसाला दोन्हींत खरा रस असावा.

बांधलेला पैसा आणि मोकळा पैसा

ना-नफा संस्थेचा हिशेब कंपनीच्या हिशेबापेक्षा वेगळा का, याचं उत्तर एका शब्दात द्यायचं तर 'अटी'. देणगीदार पैसा देताना त्याला हेतू किंवा मुदत जोडू शकतो, आणि संस्थेने तो स्वीकारला की ती अट कायद्याने पाळावी लागते. अमेरिकेतल्या लेखा-मानकांनी २०१६मध्ये ही मांडणी सोपी केली. निव्वळ मालमत्ता दोनच गटांत दाखवायची: देणगीदाराची अट असलेली आणि नसलेली. देश कुठलाही असो, हाच भेद डोक्यात पक्का असावा. बँकेच्या खात्यात मात्र सगळा पैसा एकत्रच दिसतो, आणि गडबड तिथेच सुरू होते.

नेहमी होणारी चूक अशी. पगाराची तारीख आली, तिकिटांचा हंगाम मंदा आहे, अनुदानाचा हप्ता लांबला आहे. खात्यात प्रदर्शनासाठी आलेले दीड कोटी पडून आहेत. कुणीतरी म्हणतं, आत्ता यातून भागवू, हप्ता आला की परत टाकू. हप्ता येतो, पण तोवर दुसरी नड उभी असते. वर्षाअखेरीस प्रदर्शनाचं काम सुरू करायचं तेव्हा पैसा नसतो आणि देणगीदाराला खर्चाचा अहवाल द्यायची वेळ आलेली असते. हेतू वाईट नसला तरी हा विश्वासभंगच. उपाय कंटाळवाणा आहे पण चालतो: अटीच्या प्रत्येक निधीला हिशेबात वेगळा संकेतांक, शक्य असेल तिथे वेगळं बँक खातं, आणि दर महिन्याला एक साधी तपासणी. अटीच्या सगळ्या निधींची शिल्लक एकीकडे, हातातली रोख आणि गुंतवणूक दुसरीकडे. दुसरी बाजू पहिलीपेक्षा कमी भरली, तर बांधलेला पैसा खर्च झालेला आहे. ही तपासणी करायला अर्धा तास लागतो. ती न करणाऱ्या संस्था गोत्यात येतात.

वचनाच्या देणग्यांचा गोंधळ याहून फसवा असतो. एका देणगीदाराने तीन वर्षांत मिळून ३ कोटी देण्याचं विनाअट लेखी वचन दिलं. अमेरिकी पद्धतीत ही सगळी रक्कम वचन मिळालं त्याच वर्षी उत्पन्न म्हणून धरावी लागते. पहिल्या वर्षी कागदावर घसघशीत शिल्लक दिसते आणि विश्वस्त खूश होतात. पुढची दोन वर्षं खर्च चालू, पण उत्पन्नाच्या बाजूला या देणगीचं काहीच नाही, म्हणून तूट दिसते आणि तेच विश्वस्त घाबरतात. प्रत्यक्षात तिन्ही वर्षं संस्था अगदी ठरल्याप्रमाणे चाललेली असते. म्हणून शहाणा वित्त प्रमुख विश्वस्तांपुढे दोन तक्ते ठेवतो. एक लेखापरीक्षकाला हवा तसा, दुसरा रोजच्या कामकाजाचा, ज्यात अटीचा किंवा वचनाचा पैसा खर्च होईल त्याच वर्षी उत्पन्न म्हणून येतो. त्याच्या जोडीला पुढच्या १३ आठवड्यांचा रोख-अंदाज: कुठल्या आठवड्यात किती येणार, किती जाणार, शिल्लक किती. वर्षाचं अंदाजपत्रक कितीही जुळलेलं असो, संस्था बुडते ती एखाद्या आठवड्यात रोख संपल्यामुळे.

देणगी विभाग आणि हिशेब विभाग यांचे आकडे जुळत नाहीत, ही तक्रार जवळपास प्रत्येक संग्रहालयात ऐकू येते. देणगी विभाग म्हणतो यंदा ५ कोटी जमवले, हिशेब विभाग म्हणतो ३ कोटी ४० लाख आले. दोघंही खरं बोलत असतात. एक वचनं, मृत्युपत्रातल्या तरतुदी आणि वस्तुरूप देणग्या मोजतो, दुसरा नियमाने नोंदवता येतं तेवढंच मोजतो. दर महिन्याला दोन्ही याद्या शेजारी ठेवून प्रत्येक फरकापुढे कारण लिहावं. वर्षाअखेरीस हे करायला बसलं की कारणं कुणाला आठवत नाहीत.

आणखी एक गळती आहे. अनुदान देणाऱ्याला कार्यक्रमावर खर्च करायला आवडतं, विजेवर किंवा हिशेबनिसावर नाही. म्हणून १ कोटीचा कार्यक्रम मिळतो आणि त्यापायी वाढलेला प्रशासनाचा, जागेचा, सुरक्षेचा खर्च संस्थेच्या मोकळ्या पैशातून जातो. कार्यक्रम जितके यशस्वी, तितकी संस्था खंगत जाते. अर्ज लिहितानाच अप्रत्यक्ष खर्चाचा वाटा मोजून मागितला पाहिजे. देणारा नाही म्हणाला, तर ती तूट कुठून भरणार हे अर्जावर सही होण्याआधी ठरलं पाहिजे.

कायमनिधीतून किती काढायचं

कायमनिधी गुंतवला जातो आणि त्यातून दरवर्षी काही टक्के खर्चाला घेतले जातात. ४ ते ५ टक्के हे प्रमाण सर्वत्र आढळतं. महत्त्वाचा प्रश्न असा, की टक्के कशाचे? समजा तीन वर्षांच्या अखेरीस निधीचं बाजारमूल्य १०० कोटी, १२० कोटी आणि ८० कोटी होतं. फक्त शेवटच्या मूल्यावर साडेचार टक्के घेतले, तर आदल्या वर्षी ५ कोटी ४० लाख मिळाले असते आणि यंदा ३ कोटी ६० लाख. एका वर्षात १ कोटी ८० लाखांचा खड्डा, म्हणजे नोकरकपात. तेच तीन वर्षांच्या सरासरीवर घेतले तर सरासरी १०० कोटी आणि हातात ४ कोटी ५० लाख. म्हणून बहुतेक संस्था १२ तिमाहींची सरासरी धरतात. याचा दुसरा परिणाम विसरू नये: बाजार पडल्याचा फटका पुढली दोन-तीन वर्षं हळूहळू येत राहतो. बाजार सावरला म्हणून हुश्श करायची घाई नको.

तेजीच्या काळात विश्वस्तांना वाटतं, यंदा थोडं जास्त काढू. अमेरिकेत अशा निधींसाठी २००६ साली राज्यांनी स्वीकारावा असा नमुना कायदा तयार झाला. त्याचं एक ऐच्छिक कलम काही राज्यांनी स्वीकारलं आहे: वर्षाला ७ टक्क्यांहून जास्त काढणं अविवेकी मानलं जाईल, विवेकी असल्याचं संस्थेने दाखवून द्यावं. ज्या देशात असा आकडा कायद्यात नाही तिथे तो संस्थेच्या धोरणात लिहून ठेवावा, आणि तो ओलांडायला साधं बहुमत पुरेसं धरू नये.

संग्रह म्हणजे विकायचा माल नाही

आता सगळ्यात अवघड भाग. दालनात टांगलेल्या एका चित्राची बाजारातली किंमत संस्थेच्या वर्षाच्या अंदाजपत्रकाइतकी असू शकते, तरी ताळेबंदात ते चित्र नसतं. अनेक ठिकाणच्या लेखा-नियमांनुसार संग्रह मालमत्तेत न दाखवायची मुभा आहे, कारण त्या वस्तू समाजासाठी जतन करायच्या असतात, त्यांच्यावर धंदा करायचा नसतो. बाहेरच्या माणसाला हे चमत्कारिक वाटतं. तंगीच्या दिवसांत हमखास कुणीतरी म्हणतं, "एक चित्र विकलं तर सगळं सुटेल."

सुटत नाही. अमेरिकेतल्या पिट्सफील्ड शहरातल्या बर्कशायर म्युझियमने २०१७मध्ये ४० कलाकृती विकायचा बेत जाहीर केला. हेतू होता निधी उभारणं आणि इमारतीचं नूतनीकरण. प्रकरण न्यायालयात गेलं, २०१८मध्ये परवानगी मिळाली, २२ कलाकृतींतून ५ कोटी डॉलरहून जास्त रक्कम आली. त्याच वर्षी कलासंग्रहालय संचालकांच्या संघटनेने निर्बंध लावले. आपल्या सदस्य संग्रहालयांना तिने सांगितलं, की या संस्थेला वस्तू उसन्या देऊ नका आणि प्रदर्शनांत सहकार्य करू नका. संग्रहालयं एकमेकांच्या वस्तूंवर जगतात. तो दरवाजा बंद होणं हा पैशात मोजता न येणारा तोटा असतो. त्याखेरीज देणगीदार विचारतात, आजोबांची वस्तू दिली तर तुम्ही तीही विकाल का?

व्यवसायाचा जुना दंडक असा, की संग्रहातली वस्तू काढायचीच झाली तर आलेला पैसा दुसरी वस्तू घेण्यासाठीच वापरायचा. महासाथीच्या काळात, एप्रिल २०२०मध्ये, याच संघटनेने दोन वर्षांसाठी सूट दिली, आणि २०२२मध्ये वस्तूंच्या थेट जतनासाठीही तो पैसा वापरायची मुभा कायम केली. 'थेट जतन' म्हणजे काय, ही व्याख्या प्रत्येक संस्थेने लिहून ठेवायची असते. संवर्धकाने चित्राची दुरुस्ती केली तर ते त्यात बसतं. दालनाचा पहारेकरी, कार्यालयाचं भाडं, सामान्य वीजबिल त्यात घुसवायचा मोह होतो. वित्त प्रमुखाने पहिला विरोध इथे करावा, कारण पुढे हिशेब त्यालाच मांडायचा असतो.

डेट्रॉइटचं उदाहरण उलट्या बाजूने बोलकं आहे. २०१३मध्ये ते शहर दिवाळखोरीत गेलं. तिथल्या कलासंग्रहालयाचा संग्रह शहराच्या मालकीचा होता, त्यामुळे धनको त्याच्याकडे पाहू लागले. २०१४मध्ये प्रतिष्ठानं, राज्य सरकार आणि खुद्द संग्रहालय यांनी मिळून ८० कोटी डॉलरहून जास्त रक्कम निवृत्तिवेतनासाठी उभी करायचं कबूल केलं आणि बदल्यात संग्रह स्वतंत्र ना-नफा संस्थेकडे गेला. यातून घ्यायचा धडा कोरडा पण मोलाचा आहे: वस्तूंची कायदेशीर मालकी कुणाची, हे कागदपत्रांतून आजच तपासा. शहराची, विद्यापीठाची, विश्वस्त मंडळाची की कर्ज देणाऱ्या बँकेकडे गहाण? कर्जाच्या करारातला 'संस्थेची सर्व मालमत्ता तारण' हा शब्दप्रयोग सहीपूर्वी खोडायला लावावा.

वस्तू स्वीकारतानाही हीच सावधगिरी हवी. फुकट मिळालेली वस्तू फुकट नसते. तिला जागा, योग्य आर्द्रता, पेटी, नोंद, छायाचित्र, विमा आणि दर काही वर्षांनी तपासणी लागते, आणि तेही कायमचं. २०० वस्त्रांचा संग्रह दान येत असेल तर कपाटं, आम्लविरहित कागद, कीड मारण्यासाठी वस्त्रं गोठवण्याची सोय आणि नोंदणीचे तास यांचा खर्च अभिरक्षकाच्या शिफारशीशेजारी एका पानावर आला पाहिजे. देणगीदाराला वस्तूबरोबर सांभाळीचा निधीही मागावा. बरेच जण देतात, फक्त विचारावं लागतं.

इमारत

अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च काउन्सिलने १९९०मध्ये सार्वजनिक इमारतींसाठी एक प्रमाण दिलं, ते आजही वापरलं जातं: इमारत आज नव्याने बांधायला जो खर्च येईल त्याच्या २ ते ४ टक्के दरवर्षी देखभाल-दुरुस्तीवर जायला हवेत. ८० कोटींच्या इमारतीला वर्षाला १ कोटी ६० लाख ते ३ कोटी २० लाख. संग्रहालयाला तर वरची कड लागते, कारण यंत्रं रात्रंदिवस चालतात. तंगी आली की पहिली कात्री याच रकमेला लागते, कारण यंदा छत रंगवलं नाही तर यंदा काहीच होत नाही.

घसारा म्हणजे यंत्राच्या झिजेपोटी हिशेबात दरवर्षी लिहिलेला खर्च. त्याच्या भरवशावर राहणं ही तर नेहमीची फसगत. २ कोटींचा चिलर, म्हणजे वातानुकूलनासाठी पाणी थंड करणारं यंत्र, २० वर्षं चालणार, म्हणून वर्षाला १० लाख घसारा लिहिला. तो कागदावरचा खर्च, रोख कुठेच बाजूला पडत नाही. शिवाय भाववाढ ५ टक्के धरली तर २० वर्षांनी तोच चिलर ५ कोटी ३० लाखांना मिळेल. म्हणून छत, चिलर, लिफ्ट, आगीची यंत्रणा, विजेचे मुख्य फलक या प्रत्येकाचं वय, उरलेलं आयुष्य आणि बदलण्याचा अंदाजे खर्च यांची एक यादी करावी, आणि तिच्या आधारे दरवर्षी खरी रोख वेगळ्या निधीत टाकावी.

वातानुकूलनाबद्दल जरा थांबून सांगायला हवं, कारण वीजबिलातला मोठा वाटा त्याचा असतो आणि काटकसर करायला हात पहिल्यांदा तिथेच जातो. समजा रात्री दालनाची हवा खेळवणारं यंत्र बंद ठेवायचं ठरलं. डेटा लॉगरचा, म्हणजे तापमान आणि आर्द्रता आपोआप नोंदवणाऱ्या उपकरणाचा, आलेख पाहा. संध्याकाळी सहाला सापेक्ष आर्द्रता (हवेतल्या दमटपणाचं प्रमाण) ५२ टक्के, मध्यरात्री ६०, पहाटे पाचला ६८. सकाळी यंत्र सुरू झालं की दोन तासांत पुन्हा ५२. लाकूड रोज रात्री पाणी पिऊन फुगतं आणि रोज सकाळी आकसतं, पण त्याच्यावरचा रंगाचा थर तेवढा लवत नाही. काही महिन्यांनी लाकडी फलकावरच्या चित्रात सांध्यापाशी केसासारखी भेग दिसते, मग रंगाची खपली सुटते. वाचवलेल्या विजेपेक्षा संवर्धकाचं बिल मोठं येतं, आणि सुटलेला रंग काही पूर्वीसारखा होत नाही.

याचा अर्थ यंत्राला हात लावूच नये असा नाही. पूर्वी २० ते २२ अंश आणि ५० टक्के आर्द्रता, फारतर ५ टक्के वर-खाली, अशी कडक मर्यादा सरसकट पाळली जायची. आता मोठ्या संग्रहालयांच्या बिझो गटाने बहुतेक वस्तूंसाठी १६ ते २५ अंश आणि ४० ते ६० टक्के ही सैल मर्यादा मान्य केली आहे, २४ तासांत १० टक्क्यांपेक्षा जास्त चढउतार नको या अटीवर. नाजूक वस्तूंना वेगळी पेटी देता येते. काटकसर करायची तर एका दालनात, यंत्र दोनच तास बंद ठेवण्यापासून सुरुवात करून, लॉगर दर १५ मिनिटांनी नोंद घेतोय अशी, आणि संवर्धकाला सोबत घेऊन करावी. एका ऋतूत जमलं म्हणून दुसऱ्यात जमेल असं नाही.

सुरक्षेचं मनुष्यबळ मोजताना सोपी चूक होते. 'चोवीस तास एक पहारेकरी' म्हणजे एक माणूस नव्हे. आठवड्याचे १६८ तास, एका माणसाचे ४० तास, म्हणजे ४.२ माणसं. रजा, आजारपण, प्रशिक्षण धरलं की पाच. चोवीस तासांच्या दोन जागांपैकी एक कमी करा असं कुणी सुचवलं तर वाचणारा खर्च पाच पगारांचा असतो, म्हणून मोह मोठा. धोका त्याहून मोठा. बोस्टनच्या इझाबेला स्टुअर्ट गार्डनर म्युझियममध्ये १८ मार्च १९९०च्या रात्री पोलिसांच्या वेशातल्या दोघांना पहाऱ्यावरच्या माणसाने आत घेतलं. १३ कलाकृती गेल्या, त्यांचा चोरीचा विमा नव्हता, आणि त्या आजही सापडलेल्या नाहीत.

आगीबाबत गैरसमज असा, की स्प्रिंकलर लावला तर पाण्यानेच संग्रह बुडेल. सिनेमात दाखवतात तसे सगळे स्प्रिंकलर एकदम फुटत नाहीत. प्रत्येक तोटीला काचेची नळी असते, लाल नळी साधारण ६८ अंशांना फुटते, आणि आगीच्या वरचीच तोटी उघडते. अग्निशामक दलाच्या पाइपपेक्षा तिचं पाणी कितीतरी कमी असतं. ओला कागद वाळवता येतो. रिओ दि जानेरोचं राष्ट्रीय संग्रहालय २ सप्टेंबर २०१८ला जळालं, त्या वेळी संस्थेला २०० वर्षं झाली होती. आग सभागृहातल्या वातानुकूलन यंत्रापाशी सुरू झाल्याचं तपासात निघालं. जवळच्या नळांना पुरेसं पाणी नव्हतं. नूतनीकरणासाठी जूनमध्ये करार झाला होता, पण पैसा पोचला नव्हता. देखभालीच्या रकमेला वर्षानुवर्षं कात्री लागल्यावर काय होतं, ते तिथे सगळ्या जगाने पाहिलं.

दुरुस्तीचं काम चालू असतानाचे दिवस विशेष जोखमीचे. वेल्डिंग किंवा ज्योतीचं कुठलंही काम लेखी परवान्याशिवाय होऊ देऊ नये, आणि काम थांबल्यावर किमान एक तास तिथे माणूस उभा ठेवावा. ठेकेदाराच्या करारात हे लिहिलेलं असावं, नाहीतर संध्याकाळी पाचला सगळे निघून जातात.

नवी इमारत बांधायची असेल तर याच्या दुप्पट काळजी हवी. न्यू यॉर्कच्या अमेरिकन फोक आर्ट म्युझियमने रोख्यांतून सुमारे ३ कोटी २० लाख डॉलर उभे करून २००१मध्ये नवी वास्तू उघडली. अपेक्षेइतके प्रेक्षक आले नाहीत, २००९मध्ये कर्ज थकलं, २०११मध्ये ती वास्तू शेजारच्या मोठ्या संग्रहालयाला विकावी लागली आणि २०१४मध्ये ती पाडली गेली. बांधकामाचा पैसा जमवणं हे अर्धंच काम. वाढलेल्या चौरस फुटांची वीज, पहारा, सफाई आणि देखभाल दरवर्षी कुठून येणार, याचं उत्तर पायाभरणीआधी कागदावर हवं. प्रेक्षकसंख्येचा अंदाज निम्मा धरूनही गणित टिकतं का, हे पाहावं. उद्घाटनाच्या वर्षीची गर्दी पुढे टिकत नाही.

प्रदर्शनाचं अंदाजपत्रक

अंदाजपत्रक चुकतं ते बहुधा परतीच्या प्रवासात. वस्तू आणायचा खर्च सगळ्यांना आठवतो. प्रदर्शन उतरवणं, पुन्हा स्थिती-अहवाल (वस्तूच्या अवस्थेची लेखी नोंद), पुन्हा पेटीबंद करणं, सोबतच्या माणसाचं परतीचं तिकीट हा खर्च पुढच्या आर्थिक वर्षात येतो, जेव्हा प्रदर्शनाचा निधी बंद झालेला असतो. उसनी वस्तू देणारं संग्रहालय आधी तुमच्या इमारतीचा अहवाल मागतं: आर्द्रतेच्या नोंदी, आगीची यंत्रणा, रात्रीचा पहारा. तो अहवाल खोटा भरता येत नाही आणि आयत्या वेळी सुधारताही येत नाही. विमा 'खिळ्यापासून खिळ्यापर्यंत' असतो, म्हणजे वस्तू मूळ भिंतीवरून उतरल्यापासून परत तिथेच टांगली जाईपर्यंत. काही देशांत सरकार हमी देतं आणि हप्ता वाचतो, अमेरिकेत १९७५च्या कायद्याने, ब्रिटनमध्ये १९८०च्या. पण अर्जाला महिने लागतात, म्हणून तो प्रदर्शनाच्या पहिल्या यादीबरोबरच करावा. एकूण खर्चाच्या १० टक्के आकस्मिक खर्चाला ठेवावेत, आणि ते अभिरक्षकाच्या इच्छायादीसाठी उघडू नयेत.

वस्तूंची मोजणी हाही हिशेबच

दानपेटी दोघांनी मिळून उघडायची, दोघांनी मोजायची, दोघांनी सही करायची, हे सगळे मानतात. जो बिल मंजूर करतो त्याने पैसे पाठवू नयेत, जो पाठवतो त्याने बँकेशी ताळा घालू नये, हेही मानतात. पुरवठादाराचं बँक खातं बदलल्याचा ईमेल आला तर ईमेलातल्या नव्हे, आपल्याकडे आधीपासून असलेल्या क्रमांकावर फोन करून खात्री करायची, हे मात्र घाईत राहून जातं आणि मोठी रक्कम जाते.

भांडारातल्या वस्तूंना हाच नियम लावायचं अनेकांना सुचत नाही. ब्रिटिश म्युझियमने ऑगस्ट २०२३मध्ये जाहीर केलं, की वस्तू गहाळ, चोरीला गेलेल्या किंवा मोडलेल्या आढळल्या. आकडा सुमारे २,००० होता, आणि त्यातल्या बऱ्याच वस्तूंची पुरी नोंदच नव्हती. नोंद नसलेली वस्तू गेली तर ती गेल्याचं कुणाला कळणार? नोंदणीला पैसा देणं म्हणजे अंतर्गत नियंत्रणावर खर्च करणं, असं वित्त प्रमुखाने विश्वस्तांना सांगावं. दर महिन्याला ५० वस्तू चिठ्ठ्या टाकून निवडाव्यात. २५ नोंदवहीतून घेऊन भांडारात शोधाव्यात, २५ भांडारातून उचलून नोंदवहीत शोधाव्यात. दुसरी फेरी जास्त महत्त्वाची, कारण नोंद नसलेल्या वस्तू तिथेच सापडतात. तपासणी करणारा माणूस त्या भांडाराचा रोजचा ताबेदार नसावा.

या खुर्चीवर नव्याने बसणाऱ्याने पहिल्या महिन्यात संगणकासमोर कमी बसावं. यंत्रचालकाबरोबर छतावर जावं, पाणी कुठे साचतं ते पाहावं, पंपाच्या खोलीत देखभालीची वही शेवटची कधी भरली गेली ते पाहावं. रात्रपाळीच्या पहारेकऱ्याबरोबर एक फेरी मारावी. मग सगळी दानपत्रं मागवावीत, जुन्या फायलींतून, वकिलाकडून, माजी विश्वस्तांकडून. प्रत्येकाची एक ओळ करावी: देणगीदार, वर्ष, मूळ रक्कम, अटीचे नेमके शब्द, आजचं मूल्य, शेवटचा खर्च कधी आणि कशावर. काही निधी असे निघतील ज्यांच्या कामाचा सगळ्यांना विसर पडला होता आणि पैसा नुसता पडून होता. काहींच्या बाबतीत अटच मिळणार नाही. तो पैसा मोकळा समजून वापरू नये. मूळ पत्र मिळेपर्यंत किंवा कायदेशीर सल्ला येईपर्यंत तो अटीचाच धरावा.